हारानचा मुक्काम

‘सुखाचा जीव दुःखात घालणे’ हा मराठीतला वाक्प्रचार मोठा गमतीदार आहे. तो स्वतःविषयी फारसे कोणी वापरत नाही. बांधली नोकरी सोडणारा, भरले घर मागे टाकणारा, जातीगोतीशी वाकडे घेणारा माणूस आपण सुखाचा जीव दुःखात घालत आहोत असे म्हणत नाही; तसे म्हणतात ते मागे राहणारे. आई म्हणते, सासरा म्हणतो, शेजारी म्हणतात आणि पुष्कळदा बायको म्हणते. निघणाऱ्याजवळ त्याच घटनेसाठी दुसराच शब्द असतो. मराठी ख्रिस्ती परंपरेने त्यासाठी ‘पाचारण’ हा शब्द योजला आहे. एरवी हा शब्द आपल्याला भेटतो तो अग्निशामक दलाला किंवा तज्ज्ञांना पाचारण केल्याच्या बातमीत. ख्रिस्ती मराठीत मात्र देव माणसाला त्याच्या बसल्या जागेवरून उठवतो, त्या हाकेचे ते नाव आहे. एकाच घरात, एकाच घटनेला एकाने पाचारण म्हणावे आणि दुसऱ्याने सुखाचा जीव दुःखात घालणे म्हणावे, तर त्यांतले खरे कोणते मानायचे? रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या संसाराकडे ह्या प्रश्नाच्या अंगाने एकदा पाहावे, असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

मराठीच्या वर्गात टिळक दोन रूपांत भेटतात. एक ‘फुलामुलांचे कवी’ टिळक, केशवसुतांच्या पिढीतले, ‘वनवासी फूल’कार. दुसरे ‘स्मृतिचित्रे’तले टिळक, म्हणजे विक्षिप्त, तापट, उदार, घरात आलेला पैसा दारात आलेल्याला देऊन मोकळे होणारे. ह्या दोन रूपांना जोडणारी घटना म्हणून १८९५ चे धर्मांतर सांगितले जाते, आणि तेथे त्यांच्या धार्मिक आयुष्याचा हिशेब पुरा झाला असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे, की टिळकांच्या आयुष्यातले खरे अवघड निघणे १८९५ चे नाही; ते १९१७ चे आहे. आणि ह्या दुसऱ्या निघण्याचा अर्थ लावायचा, तर पहिल्या निघण्याची किंमत कोणी भरली, हे आधी पाहावे लागते.

त्यासाठी थोडे मागे, फारच मागे जाऊ. पाचारणाची मूळ कथा बायबलच्या ‘उत्पत्ति’ ह्या पुस्तकात, बाराव्या अध्यायाच्या आरंभी येते. देव अब्रामाला देश, गोत आणि बापाचे घर सोडून, आपण दाखवू त्या देशात जाण्यास सांगतो, आणि अब्राम निघतो. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तर. ख्रिस्ती प्रवचनांत ह्या प्रसंगाची उजळणी इतकी झाली आहे, की त्याच्या आधीच्या चार ओळी कोणी वाचत नाही. अकराव्या अध्यायाच्या शेवटी असे येते, की अब्रामाचा बाप तेरह ह्याने आधीच खास्द्यांचे ऊर नगर सोडले होते. त्याला जायचे होते कनान देशात. बरोबर अब्राम होता, सून साराय होती, नातू लोट होता. वाटेत हारान नावाचे गाव लागले. तेथे ते राहिले. तेरह तेथेच मेला. म्हणजे अब्रामाला हाक आली ती त्याच्या जन्मगावी नव्हे, निदान ह्या अध्यायाच्या क्रमाप्रमाणे तरी नव्हे. ती आली अर्ध्या वाटेवरच्या मुक्कामात. एकदा घर सोडून झालेले होते, नवे बस्तान बसलेले होते, मालमत्ता आणि माणसे जोडून झाली होती; तेथून उठायचे होते.

ह्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. निघताना साराय बरोबर आहे, पण तिला कोणी विचारल्याची नोंद नाही. पुढे दुष्काळ पडतो, बिऱ्हाड मिसरात जाते, आणि आपल्या जिवाला धोका नको म्हणून अब्राम तिला आपली बहीण म्हणवून घेतो. तिची रवानगी फारोच्या वाड्यात होते. पाचारण अब्रामाला आले होते; पहिली मोठी किंमत भरली ती सारायने, आणि तीही ह्याच अध्यायात. सबंध अध्यायात तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिचे पहिले वाक्य आपल्याला ऐकू येते ते सोळाव्या अध्यायात. पाचारणाच्या कथा अशाच लिहिल्या जातात. निघणाऱ्याला आवाज असतो. त्याच्या बरोबर ओढला जाणाऱ्याला सामानाच्या यादीत जागा मिळते.

मराठीत ही रीत मोडली, आणि ती एका अशा बाईने मोडली जिचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते. आम्हांला टिळक दांपत्याची कथा पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटते, त्याचे कारण हे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई गेली ती ते लहान असताना. वडिलांशी पटले नाही. ते नाशिकला आले आणि तेथे शिकले. जवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका ही त्यांची बायको, लग्नानंतरची लक्ष्मी. लग्नाच्या वेळी ती अकराएक वर्षांची होती. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा कडेलोट होता. वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन ‘स्मृतिचित्रे’च्या पहिल्या पानांवर आहे ते वाचून हसावे की घाबरावे हे कळत नाही. अशा घरातून निघून ती ज्याच्या घरी आली, त्या माणसाला घर हा प्रकारच मानवत नव्हता. टिळक नोकरी धरत आणि सोडत. कोणाला न सांगता निघून जात. परत येत, ते प्रेमाने येत, आणि पुन्हा जात. कीर्तन, पुराण, शिक्षकी, संपादन, नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम, असा त्यांचा फिरता संसार चालला होता.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. निघणे हीच जर श्रद्धेची खूण मानली, तर टिळक ख्रिस्ती होण्याच्या पुष्कळ आधीपासून श्रद्धावंत होते असे म्हणावे लागेल! ते तर उठल्यासुटल्या निघत होते. घर सोडण्याला त्यांच्या स्वभावात फारसे मोल पडत नव्हते. त्यांना मोल पडले असते ते टिकून राहण्याला. संतचरित्रांवर आणि मिशनऱ्यांच्या चरित्रांवर वाढलेले आपण वाचक ‘त्याने सर्वस्व सोडले’ ह्या वाक्यापुढे हात जोडतो. जे सोडले ते त्याच्या हातात किती होते आणि दुसऱ्याच्या हातात किती, हे विचारायचे राहून जाते.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपुराहून राजनांदगावला नव्या कामावर निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्यावर सुरू झाल्या, धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत हाती दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतले, आणि ‘मत्तय’मधल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थांबले. पुढे गुप्तपणे पत्रव्यवहार, राजनांदगावात कुजबूज, हाल. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारले नव्हते. साराय बरोबर तरी होती. लक्ष्मीबाई बरोबरही नव्हत्या.

धर्मांतराचे मराठी वाङ्मय तोवर चांगले रुळलेले होते. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, आणि त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८४ चे. ‘अरुणोदय’ हे नावच पाहा. अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या एका मनाची ती कथा आहे, आणि तिचा सारा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेवर आहे. उजाडले की कथा संपते. दिवसभर काय झाले, हा तिचा विषय नाही. टिळकांची गोष्टही आपण ह्याच साच्यात ओततो, म्हणून १८९५ पाशी थांबतो.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर १८९५ ला काहीच उजाडले नव्हते. नवरा जिवंत आणि तरीही गेलेला; कुंकू पुसायचे नाही आणि लावून उपयोग नाही. बरोबर लहान मुलगा. चार-पाच वर्षे ही ताटातूट चालली. काही काळ जलालपूर, काही काळ पंढरपूर. नातलगांनी त्यांना टाकले नाही, हे त्यांच्या नातलगांचे मोठेपण आपण सहसा लक्षात घेत नाही. ‘स्मृतिचित्रे’त ह्या दिवसांचे वर्णन आहे, पण त्यात किंकाळी नाही. वेड लागायची पाळी आलेल्या बाईने पस्तीस-चाळीस वर्षांनी मागे वळून पाहताना त्यातले हास्यास्पद तेवढे बरोबर टिपले आहे, आणि त्यामुळे बाकीचे अधिकच जाणवते.

मग त्या अहमदनगरला गेल्या. नवऱ्याच्या धर्मात नव्हे, नवऱ्याच्या गावात. वेगळी चूल, वेगळे पाणी, आपले सोवळे शाबूत. टिळकांनी हे सारे मानले. आग्रह धरला नाही. त्यांच्या स्वभावातला उतावळेपणा पाहता ही गोष्ट आम्हांला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकीच मोठी वाटते. ह्यानंतर लक्ष्मीबाईंच्या मनात जे झाले त्याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी आधी जात सोडली. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, अशा निश्चयाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. टिळक एका पुस्तकाच्या वाटेने आले; त्या स्वयंपाकघराच्या वाटेने आल्या. टिळकांनी एका दिवशी उडी घेतली. त्यांनी उंबरठा एकेक बोट ओलांडला. उडी चरित्रकारांना दिसते. बोट बोट सरकणे दिसायचे तर सरकणाऱ्यानेच लिहावे लागते.

एका वर्षी हा भाग वर्गात चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, की टिळकांनी आधी विचारले असते तर लक्ष्मीबाई हो म्हणाल्या असत्या का? नसत्या म्हणाल्या, असे आम्ही तेव्हा उत्तर दिले. तिने पुढे विचारले, मग न विचारणेच बरोबर होते का? ह्याचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते. आजही टिळकांच्या बाजूने देता येईल असे नाही.

आता अहमदनगर. (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण ही कथा नगरचीच.) अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये ठाणे मांडले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ येथूनच निघू लागला. शाळा, मुलींच्या शाळा, छापखाना, धर्मशिक्षणाचे विद्यालय, उपासनामंदिर, बंगले, आणि त्यांच्या आजूबाजूला ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती, असा तो एक पुरा संसार होता. त्यात आलेली बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतली होती. गावाने ज्यांना विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांना येथे पाटी-पेन्सिल, पगार आणि माणूस म्हणून नाव मिळाले होते. मिशनच्या ‘कंपाउंड’ला नावे ठेवणे सोपे आहे, आणि नंतरच्या काळात ते भरपूर झाले; परंतु ज्याला बाहेर उभे राहायला जागाच नव्हती त्याच्या दृष्टीने कंपाउंड म्हणजे आडोसा होता. जातीने वाळीत टाकलेल्या एका ब्राह्मण कवीलाही तो आडोसाच होता.

टिळकांना तेथे काय मिळाले? शिकवायला विद्यार्थी मिळाले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन मिळाले. महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला, म्हणजे खरे तर लक्ष्मीबाईंना मिळाला, कारण टिळकांच्या हातात तो टिकत नसे. घर मिळाले, आणि ते घर लोकांनी भरले. अनाथ, आश्रित, कवी. बालकवी ठोंबरे काही काळ ह्याच घरात मुलासारखे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने त्यांना ‘बालकवी’ केले हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात नगरच्या ह्या मिशनरी बिऱ्हाडाचे नाव घ्यायला हवे, ते कोणी घेत नाही. असो.

हे टिळकांचे हारान. आम्ही हा शब्द निंदेने वापरत नाही. हारान वाईट गाव नव्हते. अब्रामाची समृद्धी तेथलीच होती.

पण टिळकांना ह्या मुक्कामात काही खुपत होते, आणि ते त्यांच्या कवितेतच आधी दिसू लागले. इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे परक्या चालींवर म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि भजन दिले. कीर्तनाचा मार्ग नगरातच कृष्णराव सांगळे ह्यांनी आधी मळलेला होता. टिळकांनी त्याला प्रतिभा दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे, की त्यातला काटा बोचत नाही. पुलावरून आलो म्हणणारा माणूस असे सुचवतो, की पूल अजून उभा आहे, मी तो जाळलेला नाही, आणि मला परतही जाता येते. कंपाउंडची रचना मात्र पूल जाळला आहे ह्या गृहीतावर होती. बाप्तिस्म्याबरोबर नाव, पोशाख, वस्ती, सोयरीक सारे बदलत होते. ख्रिस्ती होणे म्हणजे आपल्या लोकांतून उठणे, हे समीकरण हिंदू समाजाने बहिष्कार घालून पक्के केले आणि मिशनने आडोसा देऊन. दोघांचेही त्यात एकमत होते!

दुसरी अडचण पगाराची. पगार देणारा परका, घेणारा एतद्देशीय. निर्णय एकीकडे, राबणूक दुसरीकडे. पगारी माणसाने देवाविषयी काहीही सांगितले, तरी ऐकणारा मनात म्हणतो, ह्याला ह्याचे पैसे मिळतात. कीर्तनकाराच्या देशात हे फार लागते. मिशनरी व्यक्तिशः भले होते, टिळकांना मानतही होते. प्रश्न व्यक्तींचा नव्हता.

ह्या पेचात टिळक एकटे नव्हते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेज येथला. तेथल्या मठवासी भगिनींनी त्यांना मायेने सांभाळले, आणि लगेच त्यांच्या श्रद्धेच्या तपशिलाची चौकशी सुरू केली. सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई ह्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना सारखे जाणवते, की एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकलेल्या बाईला दुसऱ्याचे मानेवर घ्यायचे नव्हते, आणि समोरच्या मायाळू बाईला हे उद्धटपण वाटत होते. रमाबाई पुढे १८८९ च्या शारदा सदनापासून केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत आपल्या बळावर गेल्या. त्यांचीही कथा १८८३ पाशी संपवायची खोड आपल्याला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मांतरितांचे एकच निघणे मोजायचे, हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा हिशेब मुळातच अपुरा आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, प्रकृती ढासळत चाललेली, मुले, आश्रित, मोठा खर्च. संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवून ते साताऱ्याला गेले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ मांडला. ह्या दरबाराची मुख्य अट, किंवा अट नसणे, असे होते, की ख्रिस्ताला मानणारा कोणीही त्यात यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो.

त्यांच्या पूर्वीच्या निघून जाण्यांशी हे ताडून पाहावे. पूर्वी ते न सांगता जात. आता सांगून, राजीनामा देऊन, कारणे देऊन गेले. पूर्वी ते तोडून जात. आता नाते राखून गेले, ‘ज्ञानोदया’शी असलेला संबंधही सुटला नाही. पूर्वी बिऱ्हाड मागे राहत असे. ह्या वेळी संन्याशाच्या मागोमाग संसारही साताऱ्याला गेला. संसारासह संन्यास हा शास्त्री मंडळींना विनोद वाटेल. पण तुकोबा आणि नाथ दोघेही घरातच होते. टिळकांनी शब्द संन्याशाचा उचलला, वळण मात्र वारकऱ्याचे ठेवले.

बाप्तिस्म्याची अट त्यांनी काढली, हे मात्र पुरते समजून घेतले पाहिजे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा धाडसी निर्णय होता. चर्चच्या उंबरठ्यालाच त्यांनी ऐच्छिक केले. परंतु त्यामागे केवळ तत्त्वविचार होता असे आम्हांला वाटत नाही. ज्या उंबरठ्यावर १८९५ मध्ये त्यांचे घर दुभंगले होते, तोच हा उंबरठा. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी जे दिले त्यातले पुष्कळसे त्यांचे नव्हते. ते जलालपुरात आणि पंढरपुरात दिले गेले होते. पंचवीसएक वर्षे एका बाईचा चेहरा समोर असलेल्या माणसाने असा दरबार काढावा, जेथे येण्यासाठी कोणालाही आपल्या माणसांतून उठावे लागणार नाही. बायकोची किंवा मुलाची ताटातूट करावी लागणार नाही. टिळकांनी असे कोठे लिहून ठेवले आहे म्हणून आम्ही हे सांगत नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या की हा अर्थ दिसतो, एवढेच. पहिल्या वेळी त्यांनी ख्रिस्तासाठी घर सोडले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी जे सोडले ते, ख्रिस्तासाठी घर सोडावेच लागते, ही समजूत.

ह्यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. नगरच्या वस्तीतल्या दलित ख्रिस्ती माणसाला ‘आपल्या लोकांत राहूनच ख्रिस्ताला माना’ हे सांगणे म्हणजे काय? आपले लोक म्हणजे कोण, आणि त्यांत राहायचे ते कोठे, वेशीबाहेरच ना? कंपाउंड सोडणे ज्याला परवडते त्यानेच कंपाउंडवर टीका करावी, हा एक प्रकारचा उच्चवर्णीय ऐषआराम नव्हे काय? टिळक-लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर ज्यांच्याबरोबर जेवणखाण आणि सुखदुःख केले त्यांत हीच माणसे होती, हे उत्तर वैयक्तिक सचोटीपुरते ठीक आहे. आक्षेप त्याने मिटत नाही. ज्याला सोडायला काही होते त्याचे पाचारण आणि ज्याला मिळवायचे होते त्याचे पाचारण ही दोन वेगळी आहेत, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने दुसऱ्याची आत्मचरित्रे पुरेशी जपली नाहीत.

दरबार चालला किती? दोन वर्षेसुद्धा नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या माघारी दरबाराला धरून ठेवणारे कोणी उरले नाही. संस्था म्हणून मोजायचे तर तो फसलेला प्रयोग आहे. जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. एवढा एक धागा दाखवता येतो. टिळकांची भजने मात्र मराठी उपासनेत राहिली, आणि ती म्हणणाऱ्या कित्येकांना दरबाराचे नावही ठाऊक नसते.

लक्ष्मीबाईंना ह्या दुसऱ्या निघण्याविषयी काय वाटले असेल? पन्नाशीकडे झुकलेली बाई, पुन्हा एकदा बांधले घर मोडायचे, पुन्हा पगार नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या ह्या दिवसांकडे येतात तेव्हा त्यांचा सूर पूर्वीचाच असतो, मिश्कील आणि बिनतक्रार, पण एक फरक आहे. १८९५ च्या प्रकरणांत टिळक जे करतात ते त्यांच्यावर येऊन कोसळते. येथे त्या त्यांत सामील आहेत, भांडूनतंडून का होईना. सुखाचा जीव दुःखात घालणे आणि पाचारण हे दोन शब्द ह्या घरात इतक्या वर्षांनी एकमेकांच्या जवळ आले होते. ते एक झाले असे आम्ही म्हणणार नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या वेडाला शेवटपर्यंत वेडच म्हटले, आणि त्यावर प्रेमही केले. एकाच वाक्यात हे दोन्ही करता येणे ही त्यांच्या गद्याची खरी ताकद आहे. विद्यार्थ्यांना तिचा विनोद ताबडतोब दिसतो. त्या विनोदाखाली साराय बोलते आहे, हे सांगावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. लक्ष्मीबाई फेब्रुवारी १९३६ मध्ये गेल्या. परंतु त्यांचे त्या काळातले दुसरे मोठे काम वर्गात सहसा येत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरील महाकाव्य आरंभले होते, आणि त्यांच्या हातून ते अकराएक अध्यायांपर्यंतच आले. नवऱ्याच्या माघारी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. म्हणजे ग्रंथ ज्याच्या नावाने ओळखला जातो त्याचा त्यात एक-सप्तमांशाच्या आसपास वाटा आहे. ह्या कामासाठी त्यांना कोणी पाचारण केल्याची हकीकत नाही. आगगाडीत कोणी पुस्तक दिले नाही, कोणी भाकीत केले नाही. घरात एक काम अर्धे पडले होते, आणि अर्धे पडलेले काम त्यांना आयुष्यभर उचलावे लागत आले होते.

‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघाले. सलग वाचत गेल्यास टिळकांची लेखणी कोठे थांबली आणि लक्ष्मीबाईंची कोठे सुरू झाली, हे अध्यायांच्या क्रमांकावाचून कळते का, हे ज्याने त्याने वाचून पाहावे. आम्ही पाहिले आहे. आम्हांला कळते, टिळकांच्या ओव्या अधिक घोटीव आहेत. पण बाईंच्या ओव्यांत येशूभोवतीच्या बायका अधिक बोलतात, असे आम्हांला वाटत आले आहे.